मास्तर परीक्षेला बसले

रांगेच्या टोकाला मास्तर उभे दिसले आणि माझ्या हातातला चहा सांडला. खरंच सांडला, सगळा कुर्त्यावर. ओरोसला बॉक्सिंगच्या प्रशिक्षकांची परीक्षा होती. मी परीक्षक. समोर केसांना जेल लावलेली विशी-पंचविशीतली पोरं, आणि त्यांच्या मागे गुडघ्यापर्यंत खाकी हाफपँट, छातीवर सेफ्टी पिनांनी टाचलेला नंबर, असे सत्तरी ओलांडलेले मास्तर. मला ठोसा मारायला ज्यांनी शिकवलं, तेच. मला बघून त्यांनी मान वळवली नाही की ओळख दाखवली नाही. छातीवरचा कागद वाऱ्याने फडफडत होता, तो तेवढा तळहाताने दाबून धरला.

मी धावत गेले. मास्तर, तुम्ही इथे कशाला, म्हटलं. तर म्हणतात, मॅडम, रांग मोडू नका. मॅडम! या माणसाने मला 'गो बाय' सोडून कधी दुसरी हाक मारलेली नाही. मी गारच झाले.

कारण मग कळलं. आता प्रमाणपत्राशिवाय कुणाला रिंगच्या कोपऱ्यात, आपल्या खेळाडूपाशी, उभं राहू देत नाहीत. मास्तरांकडे अजून तारकर्लीच्या पोरी शिकतात. मागच्या स्पर्धेत त्यांच्या एका पोरीच्या कोपऱ्यात भलताच कुणी माणूस उभा राहिला आणि मास्तर प्रेक्षकांत, शेंगदाणेवाल्याच्या शेजारी. तिथून ते ओरडून सांगायला लागले तर त्यांना हॉलबाहेर काढलं. ती पोर बाहेर बघत बघत हरली. तर मास्तरांना आपला कोपरा परत हवा होता, एवढंच. त्यांच्यासाठी एवढंच म्हणजे सगळं होतं. आणि तो द्यायचा की नाही, हे माझ्या पेनावर होतं.

मास्तर आमच्याकडचेच, ख्रिस्ती, आजोळ गोव्यात. तरुणपणी बोटीवर स्वयंपाकी होते आणि बॉक्सिंग शिकले ते तिथेच, डेकवर, खलाशांच्या हातचा मार खाऊन. परत आले तेव्हा भावाचा एक मांगर रिकामा होता, पावसाळ्यात होडी ठेवायची शेड. त्यात त्यांनी आढ्याला एक पोतं टांगलं, नारळाची सोडणं, म्हणजे वरची सालं, ठासून भरलेलं. ती आमची बॅग. पहिले कित्येक महिने त्या पोत्याला हात लावायची परवानगी नव्हती. हनुवटी आणि छाती यांच्यामध्ये आंब्याचं पान धरायचं आणि नुसतं चालायचं. पुढे, मागे, आडवं. पान पडलं की सुरुवातीपासून. लोक म्हणायचे, हा बॉक्सिंग शिकवतो की पानं वेचायला लावतो. आई तर मला घरी आल्यावर विचारायची, आज खंयचां झाड गो?

आणि ठोसा मारायचा तो सावकाश. इतका सावकाश की मध्ये माशी येऊन बसावी. मी एकदा चिडून जोरात मारला तर त्यांनी माझा हात हवेतच धरला. म्हणाले, वेगान मारलंस काय चूक लपता, माका ती बघूची आसा.

त्यांनी कुणाला कधी 'छान' म्हटलं नाही. त्यांच्याकडे दोनच शेरे. 'कालच्यापरास बरां' आणि 'कालच्यापरास वायट'. परास म्हणजे पेक्षा. सगळ्या जगाला तेच माप. बांगड्याच्या तिखल्याला तेच, समुद्राला तेच. चर्चमध्ये नवीन पाद्री आले होते, बिचारे घाबरत घाबरत उपदेश करायचे. मिस, म्हणजे रविवारची प्रार्थना, सुटल्यावर मास्तर दारात त्यांचा हात हातात घेऊन गंभीरपणे म्हणाले, गेल्या आयतवारापरास बरां, पण शेवट लांबता. पाद्रीबाबांचं तोंड बघण्यासारखं झालं. पुढच्या रविवारी उपदेश आखूड झाला म्हणे.

पण सगळ्यांत विचित्र होता तो संध्याकाळचा कार्यक्रम. सराव संपला की मांगराच्या बंद दाराशी, आतल्या बाजूला, ओळीने बसायचं आणि प्रत्येकाने आपली आजची एक चूक मोठ्याने सांगायची. कालची चालायची नाही, आजची ताजी. काही चुकलं नाही असं म्हणालात तर दार उघडायचं नाही. मी पहिल्या दिवशी म्हणाले, नाही चुकलं काही. बाकीची पोरं घरी गेली आणि मी काळोख पडेपर्यंत तिथेच. शेवटी कबूल केलं की डावा पाय ओढते. मग दार उघडलं. आणि सगळ्यांत शेवटी मास्तर स्वतःची चूक सांगायचे. रोज. एवढा मोठा माणूस आम्हा चिल्ल्यापिल्ल्यांसमोर हात जोडल्यासारखे धरून सांगायचा, आज मी रागान बोललंय, नायतर, आज माझां लक्ष नव्हतां. आम्हाला हसू यायचं. आम्ही दाबून ठेवायचो.

आता माझ्या वजनाचं प्रकरण सांगते, कारण पुढचं सगळं तिथून निघालं.

बॉक्सिंगमध्ये वजनाचे गट असतात. हलक्या गटात समोरची पोर बारीक, भारी गटात दांडगी, सरळ हिशेब. विभागाची निवड कोल्हापूरला होती आणि माझ्या घरी करार झाला होता. वडील आणि आई, दोघांनी मिळून सांगून टाकलेलं: ही स्पर्धा शेवटची. राज्यासाठी निवड झाली तर पुढे खेळ, नाहीतर घरची खानावळ सांभाळ, पर्यटक वाढलेत. मी ठरवलं, खालच्या गटात जायचं. भात सोडला. ताटातला मासा मांजरीला. आईला वाटायचं मी जेवते. सरावात मात्र पाय लटपटायला लागले आणि एकदा पोत्यासमोर चालता चालता मी सरळ खाली बसले.

दुसऱ्याच दिवशी मास्तरांनी जाहीर केलं की दर शनिवारी बंदरावर जाऊन वजन करायचं, मासळीच्या मोठ्या काट्यावर. आणि काट्यावर उभं राहायचं ते समुद्राकडे तोंड करून. काट्याकडे बघणाऱ्या माणसाचं वजन भीतीने वाढतं, म्हणे. आम्हाला त्यांच्या कुठल्याच गोष्टीचं नवल वाटेनासं झालेलं, उभे राहिलो. काट्यावरचा माणूस लिलावातल्या आवाजात आकडा पुकारायचा. माझा आकडा बरोब्बर खालच्या गटातला! मी उड्याच मारल्या. मास्तर शांतपणे म्हणाले, मगे आता जेव, ह्यां वजन रवता तुझां. मी जेवायला लागले. आकडा तसाच. आणखी जेवले. पेज, भात, सुंगटं, काय मिळेल ते. आकडा तसाच. एकदा एसटी स्टँडवरच्या नाणं टाकायच्या यंत्राने मला भलताच आकडा दाखवला, तर मास्तर म्हणाले, त्याका पर्यटकांची सवय झाली आसा. मला पटलंसुद्धा! काय म्हणावं माझ्या अकलेला.

कोल्हापूरला वजनाच्या खोलीत मी ऐटीत काट्यावर चढले, या वेळी काट्याकडे तोंड करून. आणि आकडा वाचला. मी वरच्या गटात होते. काठावर नाही, चांगली आत. मी उतरून परत चढले. तोच आकडा. मला घाम फुटला, रडू फुटलं, मी बाहेर येऊन मास्तरांना म्हणाले की संपलं, मी बाद झाले.

त्यांनी खिशातून शेंगदाण्याची चिक्की काढून माझ्यापुढे धरली. नाव वरच्याच गटात घातलेलं होतं. सुरुवातीपासून.

मग त्यांनी सांगितलं. बंदरावर मासळी टोपलीतून येते, बर्फासकट. काट्यावरचा माणूस टोपलीचं नि बर्फाचं वजन मनातल्या मनात वजा करतो आणि मगच आकडा पुकारतो. ही तिथली रीतच आहे, सगळ्या बंदराला माहीत. मास्तरांनी त्याला सांगून ठेवलं होतं की हिचाही आकडा तसाच पुकार, टोपली काढून, आणि ही वाढली की टोपलीही वाढव. माझी आई रोज त्याच काट्यावर मासळी घालते, तिला माहीत. ती कटात सामील. अहो, मलाही माहीत! मी त्या बंदरावर वाढलेली. फक्त मी टोपलीत बसलेली नव्हते ना, म्हणून डोक्यात आलं नाही.

"तुम्ही मला फसवलंत," मी म्हणाले.

"होय," मास्तर म्हणाले. "पण जेवलंस मा?"

ते खाली बसले, माझ्या बुटांच्या नाड्या घट्ट केल्या आणि वर न बघता म्हणाले की उपाशी राहून समोरचीला बारीक करता येत नाही, आपणच बारीक होतो. वाढ आनी मगे जिंक, म्हणाले. मी चिक्की खाल्ली. रडत रडत खाल्ली.

समोरची पोर उसाच्या मुलखातली, माझ्यापेक्षा हातभर उंच. पहिली फेरी मी तिच्या हाताखालून निसटत काढली. दुसऱ्या फेरीत तिचा उजवा माझ्या कानशिलावर बसला. डोळ्यांपुढे सगळं पांढरं झालं. घंटा झाली, मी कोपऱ्यात आले, म्हणजे कुणीतरी मला आणलं. मास्तरांनी पाण्याची आख्खी बाटली माझ्या डोक्यावर रिकामी केली, ते गार पाणी पाठीवरून उतरलं ते आठवतं. त्यानंतर आठवतं ते एकदम पंचाने माझा हात वर धरलेला. मी जिंकले होते.

तिसरी फेरी मला लोकांनी सांगितली. अंगात आल्यासारखी मारत होते म्हणे. डावा, उजवा, डावा, ती दांडगी पोर दोरांना टेकली. आई बाजारात गिऱ्हाईकाला सुरमई कापून देता देता ती फेरी सांगायची, कोयतीसकट हातवारे करून. मास्तर नव्या पोरांना सांगायचे, इतक्या मन लावून झगडली काय तिका ती फेरीच आठवणा नाय. त्यांच्या तोंडून निघालेली एवढीच एक बढाई. मी स्वतः शाळाशाळांतून भाषणांत सांगते, मेहनत अशी करा की जिंकलेलंसुद्धा आठवू नये. पोरं टाळ्या वाजवतात. त्या फेरीवर माझी राज्यासाठी निवड झाली, पुढे शिक्षण, नोकरी, ही परीक्षकाची खुर्चीसुद्धा. खानावळीतून मला बाहेर काढलं ते त्या फेरीने.

तर ओरोसचं मैदान. प्रात्यक्षिकात मास्तर पोरांच्या बरोबरीने पळाले. पाय टाकायची त्यांची पद्धत जुनी, एक पोरगा फिसकन हसला, पण दोरीच्या उड्यांत तोच पोरगा धापा टाकत बसला आणि मास्तर उड्या मारतच होते. मी मनातल्या मनात त्यांना पास करून मोकळी झाले होते. राहिली होती तोंडी परीक्षा. त्यात एक प्रश्न असा असतो की तो चुकला तर बाकी कितीही गुण असोत, माणूस नापास. मी कागदावरून वाचला. लढतीत खेळाडूच्या डोक्याला मार बसला आहे, फेरी संपून ती कोपऱ्यात आली आहे, ती गोंधळलेली आहे, तिला मागचं आठवत नाही. प्रशिक्षक म्हणून तुम्ही काय कराल?

मास्तर हसले. दिवसभरात पहिल्यांदा.

"डोक्यार थंड पाणी ओतूचां आनी पाठवूचां," ते म्हणाले. "माझ्या एका चेडवाचां तसांच झालां. तिका ती फेरी अजून आठवणा नाय. आनी ती जिंकली." मग मागे वळून त्या पोरांना म्हणाले, "हीच ती."

पोरांनी माझ्याकडे बघून टाळ्या वाजवल्या.

माझ्या कानात घूं झालं. हा प्रश्न मी दर परीक्षेला विचारते. याचं उत्तर पोरांकडून घोटून घेते. मागचं आठवत नाही म्हणजे मेंदूला मार बसलाय, हे मी फळ्यावर लिहून शिकवते. आणि माझी तिसरी फेरी म्हणजे तीच, या प्रश्नातली, हे मला त्या क्षणापर्यंत सुचलं नव्हतं. एकदाही नाही. मी टाळ्या घेत हिंडत होते.

शेजारचे परीक्षक हळूच म्हणाले, जाऊ द्या, वयस्कर आहेत, द्या पास करून. खरं सांगते, पेन तसंच चाललं होतं. पण मग मांगरातल्या त्या पोरी डोळ्यांसमोर आल्या. उद्या एखादी डोळे फिरलेली कोपऱ्यात येऊन बसेल आणि मास्तर तिच्या डोक्यावर पाणी ओततील, अगदी मायेने ओततील, आणि तिला परत पाठवतील. मी नापास लिहिलं. सगळ्यांदेखत वाचून दाखवावं लागतं, तेही दाखवलं.

मास्तरांनी विचारलं, बरोबर उत्तर काय? मी सांगितलं. लढत तिथेच थांबवायची, त्या दिवशी रिंगमध्ये परत पाठवायचं नाही, डॉक्टरकडे न्यायचं. त्यांनी विचारलं, नाही थांबवलं तर? मी ऑफिसच्या मराठीत बोलत राहिले, कारण दुसऱ्या कुठल्या भाषेत ते माझ्याने बोलवलं नसतं. त्यावर दुसरा फटका बसला तर जीवही जाऊ शकतो, म्हटलं. आणि वाचलं तरी काहींना त्रास होत राहतो. डोकं दुखतं, विसर पडतो, स्वभाव बदलतो.

मास्तरांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. मी बघत होते. ते स्वतःच्या हातांकडे बघायला लागले.

"मगे तुका?" त्यांनी विचारलं. 'मॅडम' गळून पडलं होतं.

"मला काही झालं नाही, मास्तर."

"तां तुका कसां कळतलां?"

ते उठले, टेबलापाशी जाऊन पुढच्या परीक्षेसाठी नाव घातलं आणि एसटी पकडायला निघून गेले. मी बाथरूममध्ये जाऊन ढसाढसा रडले. वाटलं, दुखावले, आता तोंड बघायचे नाहीत माझं.

चारेक दिवसांनी फोन सुरू झाले. पहिला दोडामार्गहून, आमच्याबरोबरचा एक जण, रोज गोव्यात कामाला जातो. म्हणाला, अगं, मास्तर वेडे झाले काय? पहाटे दारात उभे. माझ्या डोळ्यांसमोर बोट फिरवलं, डोकं दुखतं का विचारलं, बायकोला बाजूला घेऊन विचारलं की हा चिडतो का. मग चहा न घेता पुढच्या घरी. हसत होता तो. मग देवबागहून फोन, मग आचऱ्याहून. सगळे हसत होते. मास्तर पिशवीत पाण्याची बाटली आणि बिस्किटं घेऊन जुन्या पोरांची घरं शोधत हिंडत होते, ज्यांच्या ज्यांच्या डोक्यावर त्यांनी पाणी ओतलं होतं त्या सगळ्यांची. नावं त्यांना तोंडपाठ.

मिठबावहून फोन आला तो पोराचा नाही, त्याच्या बायकोचा होता. तो आंब्याच्या बागेत असतो, आमच्यातला सगळ्यांत दणकट. ती म्हणाली, यांचं डोकं कित्येक वर्षं दुखतं, उजेड सोसत नाही, आम्ही उन्हाचं समजत होतो. मास्तर ऐकून ओसरीवर बसले ते उठेचनात. मग स्वतः त्याला घेऊन कुडाळला डॉक्टरकडे गेले. तपासण्या चालल्यात. दवाखान्याच्या बाकावर मास्तरांनी त्याला सांगितलं की चूक माझी, तुझी नाही. ती रडत होती की नाही, मला फोनवर कळलं नाही.

माझ्याकडे ते सगळ्यांत शेवटी आले. बुधवारी सकाळी, मी ऑफिसला निघत होते तेव्हा. वाळले होते, दाढी वाढलेली. आत आले, खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले आणि बोट वर केलं. मी डोळे फिरवले. आजचा वार विचारला, महिने उलटे म्हणायला लावले. मी सगळं म्हटलं. कुठेतरी बरोबर शिकून आले होते, एक गोष्ट चुकली नाही.

"आता तिसरी फेरी सांग," ते म्हणाले.

मी सुरुवात केली. डावा, उजवा, डावा, ती दोरांना टेकली...

"तां तुझ्या आवशीचां," मास्तर म्हणाले. "माका पाठ आसा. तुझां सांग."

मी थांबले. आईचंच होतं ते सगळं. घंटा आठवली. पाणी आठवलं. पुढे शोधत गेले, डोळे मिटून गेले, ती पोर, तिचे हात, दोर, काहीतरी, एक तरी ठोसा. काही नव्हतं. माझ्या आयुष्यातली सगळ्यांत मोठी गोष्ट, आणि तिथे मी नव्हतेच. डोळे उघडले तेव्हा मास्तर उभे राहिले होते.

"चपला घाल," ते म्हणाले. "रिक्षा भायर उभी करून इलंय."